काठाने पाहावयाच्या नद्या आणि कालवे : परतवाडा परिसराचा अभ्यास

अमरावती जिल्ह्यातील परतवाडा हे गाव सागवानाची बाजारपेठ आणि मेळघाटचे प्रवेशद्वार म्हणून सर्वांस ठाऊक आहे. चिखलदऱ्यास निघालेला प्रवासी येथे चहापाण्यापुरता थांबतो आणि घाट चढू लागतो. ज्या पुलांवरून त्याचे वाहन जाते त्या पुलांखालील नद्यांची नावे त्याने विचारल्याचे क्वचितच आढळते. प्रवाशाचे सोडून दिले तरी गावोगावच्या रहिवाशांची स्थिती फारशी निराळी नाही. सापन आणि बिच्छन या नद्यांच्या सान्निध्यात परतवाडा व अचलपूर ही जुळी नगरे वसली. तथापि या नद्या कोठे उगम पावतात, कोठे जमिनीत जिरतात आणि उरलेले पाणी कोणत्या वाटेने समुद्रास मिळते, हे सांगू शकणारा विद्यार्थी शोधावा लागेल. वझ्झर येथील सापन धरण, विश्रोळी येथील पूर्णा धरण, तसेच चंद्रभागा व शहानूर या प्रकल्पांमुळे या परिसरास धरणांची व त्यांच्या पाण्याची जोड मिळाली आहे. कालवा मात्र ज्याच्या शेतास पाणी मिळते त्याच्याखेरीज दुसरे कोणी पाहावयास जात नाही.

जगात काही देश असे आहेत की जेथे आडवळणाच्या नद्या व कालवे पाहत हिंडणे हा लोकांचा आवडता छंद आहे आणि त्या छंदातून मोडकळीस आलेले जलमार्ग पुन्हा उभे राहिले आहेत. वऱ्हाडात नौकेने असे हिंडणे शक्य नाही. ते का शक्य नाही आणि त्याऐवजी काय शक्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अरुंद नौकांचा देश

इंग्लंडमधील कालवे हे प्रामुख्याने सिंचनासाठी नव्हेत, तर माल वाहण्यासाठी खोदले गेले. १७६१ मध्ये सुरू झालेल्या ब्रिजवॉटर कालव्याने खाणीतील कोळसा मँचेस्टर शहरात स्वस्तात पोहोचविला आणि पुढील अर्धशतकात देशभर कालव्यांचे जाळे विणले गेले. उंचसखल भागातून नौका नेण्यासाठी जलपाश बांधावे लागत. जलपाश म्हणजे दोन्ही बाजूंस दारे असलेला हौद. नौका आत घ्यावयाची, दारे लावावयाची, पाणी भरून अगर सोडून ती वरच्या वा खालच्या पातळीस आणावयाची आणि पुढे सोडावयाची. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने आपल्या कालव्यांवरील जलपाशांची रुंदी खर्च व पाणी वाचविण्यासाठी सुमारे ७ फूट ठेवली. त्यामुळे त्यांतून जाणाऱ्या नौकाही तेवढ्याच रुंदीच्या, परंतु ७० फुटांपर्यंत लांब अशा बांधल्या जाऊ लागल्या. काठावरच्या पायवाटेने चालणारा एक घोडा अशी भरलेली नौका सहज ओढीत असे.

रेल्वे आली आणि हे वैभव ओसरले. विसाव्या शतकाच्या मध्यास कित्येक कालवे गाळाने भरले, जलपाशांची दारे कुजली, काही ठिकाणी कालवे बुजवून त्यांवर रस्ते झाले. अशा वेळी एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने आपल्या जुन्या नौकेतून केलेल्या भ्रमंतीचे वर्णन ‘नॅरो बोट’ या पुस्तकात १९४४ साली प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, रोल्ट व रॉबर्ट एकमन यांच्या पुढाकाराने अंतर्गत जलमार्गांच्या रक्षणासाठी एक संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांनी बंद पडत चाललेल्या कालव्यांतून हेतुतः नौका नेल्या. नौका कोठे अडते, दार कोठे उघडत नाही, गाळ किती साचला आहे, हे या फेऱ्यांमुळे उघड झाले आणि त्याची विचारणा करता येऊ लागली. पुढे स्वयंसेवकांनी कुदळ-फावडे हाती घेतले. केनेट-एव्हन कालवा १९९० मध्ये आणि पेनाइन डोंगररांगेखालून जाणारा हडर्सफील्डचा अरुंद कालवा २००१ मध्ये पुन्हा वाहतुकीस खुला झाला. इंग्लंड व वेल्समधील सुमारे २,००० मैल लांबीच्या जलमार्गांची व्यवस्था २०१२ पासून एका विश्वस्त संस्थेकडे आहे.

या हकिगतीत सहलीचा भाग गौण आहे. शासकीय पाहणी ठरावीक काळाने होते. हौशी प्रवाशाची पाहणी नित्य चाललेली असते, ही गोष्ट वऱ्हाडातील कालव्यांच्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे.

वऱ्हाडच्या कापसासाठी योजलेला जलमार्ग

वऱ्हाडचा नौकांशी संबंध कधी आलाच नाही, असे मात्र समजण्याचे कारण नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला, त्यामागे येथील कापसाचे आकर्षण होते. हा कापूस बंदरापर्यंत न्यावयाचा कसा, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. बैलगाड्यांचे तांडे महिनोन्‌महिने वाटेत असत आणि माल भिजून खराब होई. गोदावरीवर राजमहेंद्रीजवळ दौलेश्वरम्‌चा बंधारा बांधून १८५२ पर्यंत तो पूर्णत्वास नेणारे आर्थर कॉटन यांनी जलमार्गाचा पुरस्कार केला. वर्धा नदी, तेथून प्राणहिता, तेथून गोदावरी आणि शेवटी काकिनाड्याचा समुद्रकिनारा अशी ती वाट. वर्धा ही अमरावती जिल्ह्याची पूर्व सीमा आहे. अर्थात वऱ्हाडच्या वेशीवरून नौकेत कापूस भरावा आणि तो बंगालच्या उपसागरात उतरवावा, अशी ही कल्पना होती.

या मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मुगुडेमजवळ, दुसरा इंचमपल्ली येथे आणि तिसरा सिरोंचाच्या बाजूस प्राणहितेवर. ते ओलांडण्यासाठी बंधारे, बाजूचे कालवे व जलपाश बांधण्याचे काम एफ. टी. हेग या लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली अनेक वर्षे चालले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मँचेस्टरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला तेव्हा तर या कामाकडे विलायतेतील गिरणीवाल्यांचे डोळे लागले होते. परंतु दऱ्याखोऱ्यांतील तापाने मजूर आजारी पडत, खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले. दुम्मुगुडेमचा बंधारा त्याची खूण म्हणून राहिला आहे.

रेल्वेने ही योजना मारली असे सामान्यतः म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग अकोला, बडनेरा या गावांवरून जाऊन १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाऊ लागला, हे खरे. तथापि रेल्वे आली नसती तरी या नद्यांनी वर्षभर नौका वाहिल्या नसत्या. कॉटन यांचा अनुभव प्रामुख्याने किनाऱ्यालगतच्या सपाट त्रिभुज प्रदेशाचा होता. वर्धेचे, पूर्णेचे वा सापनेचे पाणी पावसाच्या चार महिन्यांत येते आणि जाते. हिवाळ्यात धार बारीक होते व उन्हाळ्यात डोहांखेरीज फारसे काही उरत नाही. वऱ्हाडात पूर उतरल्यावर माणसे पैलतीरी नेण्यासाठी डोंगा वापरला जाई. पण डोंगा नदी ओलांडण्याचे साधन होता, नदीतून प्रवास करण्याचे नव्हे.

परतवाड्याच्या बाजूस कापूस व माल नेण्यासाठी पुढे मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा लोहमार्ग १९१३ मध्ये सुरू झाला. ‘शकुंतला’ म्हणून लोकांच्या जिव्हाळ्याची झालेली ही गाडी अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावे. इंग्लंडच्या नौकांप्रमाणे तीही अरुंद, आणि आता तीही बंद आहे.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातील १११ जलमार्ग घोषित केले. त्यांत तापीचा समावेश आहे, पण तो हतनूर धरणापासून खाली खंबायतच्या आखातापर्यंत. त्यावरील पूर्णेच्या खोऱ्यासाठी जी वाट उरते, ती काठाची.

एका घाटावर दोन उतार

परतवाड्याच्या नद्यांचा अभ्यास करणाऱ्याने आरंभी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गाविलगडच्या डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरील पाणी सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर अशा नद्यांतून पूर्णेकडे जाते. परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहकडे निघाले की पाण्याचा उतार बदलतो. सिपना, खापरा, गडगा, खंडू, डोलार या मेळघाटातील नद्या तापीकडे वाहतात. सिपना हा कोरकू भाषेत सागवानाचा शब्द आहे आणि कोलखास येथील विश्रामगृहापासून या नदीचे वळण फार सुरेख दिसते. मेळघाटचे लाकूड परतवाड्याच्या बाजारात नेहमी रस्त्यानेच आले, नदीतून तरंगत आले नाही, याचे एक उत्तर या दुहेरी उतारातच आहे. जंगलातील नद्या लाकूड ज्या दिशेस नेऊ शकल्या असत्या ती दिशा परतवाड्याची नव्हे.

डोंगरावर एकमेकांकडे पाठ फिरविलेली ही पाणी पुढे पुन्हा एकत्र येतात. बैतूल जिल्ह्यात उगम पावणारी पूर्णा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्हे ओलांडून जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. सिपनेचे पाणी तोवर तापीतून तेथे पोहोचलेले असते. भूगोलाच्या शिक्षकाने फळ्यावर जलविभाजकाची व्याख्या लिहून देण्यापेक्षा वर्गास एकदा घटांगच्या घाटात उभे करावे. दोन्ही बाजूंचे ओढे दाखविले की व्याख्या पाठ करावी लागणार नाही. मात्र मेळघाट हे १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे. रस्ता सोडून नदीपात्रात उतरण्यापूर्वी वनविभागाची परवानगी आवश्यक आहे आणि पावसाळ्यात तसे मुळीच करू नये. डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा खाली आकाश निरभ्र असतानाही येतो.

दक्षिणेकडील नद्यांची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. डोंगर संपतो तेथे सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे, रेती व माती यांचा जाड पट्टा पसरला आहे. भूशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. डोंगरातून खळाळत आलेली नदी या पट्ट्यात शिरताच तिचे पाणी पात्रात मुरू लागते. पात्र कोरडे दिसते. परंतु ते पाणी वाया गेलेले नसते, भूगर्भात साठत असते. अचलपूर व चांदूर बाजार भागातील संत्र्याच्या बागा ज्या विहिरींवर उभ्या राहिल्या त्यांना या मुरणाऱ्या पाण्याचाच आधार. अर्थात येथील नदीपात्रातून रेती व गोटे बेसुमार उपसले, किंवा पात्रात कचरा व सांडपाणी सोडले, तर त्याचा परिणाम वाहत्या पाण्यावर दिसण्याआधी विहिरीत दिसतो. कोरड्या नदीकडे पडीक जमीन म्हणून पाहण्याची सवय या भागात तरी परवडणारी नाही.

कालव्याच्या काठाने

नदी निसर्गाची, पण कालवा मनुष्याने केलेला. त्यामुळे कालवा पाहावयाचा तो हिशेबाच्या नजरेने. धरणातून सोडलेले पाणी मुख्य कालवा, वितरिका, लघुवितरिका व शेतचारी अशा क्रमाने शेतात जाते. धरणाजवळच्या शेतकऱ्यास ते आधी आणि विपुल मिळते. शेवटच्या शेतकऱ्याचे पाणी वाटेतील प्रत्येक गळतीने, प्रत्येक मोडलेल्या दाराने आणि प्रत्येक अनधिकृत उपशाने कमी होत जाते. तक्रार बहुधा तोच करतो, आणि नेमकी त्यालाच पाणी वाटेत कोठे गेले हे सांगता येत नाही, कारण कालवा वरपर्यंत चालून पाहिलेला नसतो.

महाराष्ट्रात २००५ च्या अधिनियमान्वये सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याची तरतूद झाली आहे. संस्थेचे पदाधिकारी व जलसंपदा विभागाचे कर्मचारी यांनी कालव्याची संयुक्त पाहणी करावी, हे त्यात अभिप्रेत आहे. रब्बीच्या पहिल्या आवर्तनापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, ही पायी फेरी झाली तर दुरुस्तीस वेळ मिळतो. शेवटच्या टोकापासून धरणाकडे जावे. उलट दिशेने निघालेली मंडळी उन्ह चढले की अर्ध्या वाटेवरून परततात आणि शेवटचा भाग पाहावयाचा राहून जातो.

काय पाहावयाचे? वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे कालव्याच्या अस्तरास भेगा पडतात. ज्या ठिकाणी कालव्याबाहेरच्या शेतात कोरड्या दिवसांतही ओल अगर लव्हाळा दिसेल तेथे पाझर आहे असे समजावे. बेशरमाची झुडपे पात्रात माजली असतील तर पाण्याचा वेग मंदावतो व गाळ साचतो. दारे उघडमीट होतात काय, मोऱ्या तुंबल्या आहेत काय, सेवापथावर अतिक्रमण झाले आहे काय, हे किलोमीटरच्या दगडांच्या अनुरोधाने लिहून घ्यावे. ‘कालवा खराब आहे’ ही तक्रार कोणत्याही कार्यालयात निरुपयोगी ठरते. अमुक दगडापासून इतक्या मीटरवर डाव्या बाजूस पाझर आहे, एवढे लिहिले की कर्मचाऱ्यास जागेवर जाता येते.

पाणी सुरू झाल्यावर त्याचे मोजमाप करण्याची एक सोपी रीत आहे आणि तिला लागणारे साधन अचलपूर तालुक्यात मुबलक आहे. ते म्हणजे संत्रे. पाण्यात टाकलेले संत्रे जवळजवळ बुडून तरंगते, म्हणून वाऱ्याने ते फारसे ढकलले जात नाही, आणि रंगामुळे दुरून दिसते. कालव्याच्या सरळ भागात काठावर १० मीटर अंतर मोजून दोन खुणा कराव्यात. पहिल्या खुणेच्या थोडे वर संत्रे मध्यभागी टाकावे आणि दोन खुणांमधील अंतर कापण्यास त्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. समजा, २० सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदास अर्धा मीटर झाला. तळाशी व कडेला पाणी हळू वाहते, म्हणून या आकड्यास ०.८५ ने गुणावे; सरासरी वेग ०.४२५ मीटर येतो. पाण्याची रुंदी ४ मीटर व सरासरी खोली ०.३० मीटर असेल तर छेदाचे क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर झाले. दोहोंचा गुणाकार ०.५१, म्हणजे सेकंदास सुमारे ५१० लिटर पाणी. जुन्या मापाने हे १८ क्युसेक होतात. तीन वेळा संत्रे टाकून वेळेची सरासरी घेतल्यास चूक कमी होते.

हाच प्रयोग त्याच दिवशी काही किलोमीटर खाली करावा. मधल्या अंतरात अधिकृत दारांतून किती पाणी दिले गेले ते पाटकऱ्याकडून घ्यावे. वरच्या आकड्यातून ते व खालचा आकडा वजा केला की उरते ती गळती, बाष्पीभवन व चोरी यांची बेरीज. आठवीच्या वर्गातील विद्यार्थ्यास जमेल असे हे गणित आहे. तथापि विद्यार्थ्यांस कालव्याच्या उतरत्या कडेवर जाऊ देता कामा नये. अस्तराचा कालवा दिसतो शांत, परंतु त्यात पडलेल्यास शेवाळलेल्या उतारावरून वर येता येत नाही. खोली विभागाच्या कर्मचाऱ्याने पुलावरून मोजावी, मुलांनी पुलाच्या कठड्याआड राहून वेळ नोंदवावी आणि संत्रे पुलावरूनच टाकावे.

खारपाणपट्टा आणि नोंदवही

सापन-शहानूरच्या पायथ्यापासून दक्षिणेस दर्यापूरकडे गेले की जमीन तीच काळी, पण विहिरीचे पाणी मचूळ लागते. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा होय. येथील भूजल पिण्यास नको आणि ओलितास दिले तर जमीन बिघडते. अंजनगाव व दर्यापूर भागातील अनेक गावांस शहानूर धरणाचे पाणी नळाने नेले जाते, ते या कारणाने. डोंगराच्या पायथ्याशी गोडे पाणी मुरते आणि तेथून थोड्याच अंतरावरची गावे गोड्या पाण्यासाठी नळावर अवलंबून असतात. नदीकाठाने वरून खाली दोन दिवस चालणाऱ्यास हा बदल जिभेवर कळतो. जाताना प्रत्येक गावच्या एका विहिरीचे पाणी बाटलीत घ्यावे, बाटलीवर गावाचे नाव व तारीख लिहावी आणि क्षारांची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्यावी.

तापीचे पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी कालव्यांनी आणून बझाडा पट्ट्यात मुरविण्याच्या महापुनर्भरण योजनेबाबत महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांमध्ये मे २०२५ मध्ये सामंजस्य करार झाला. अशी योजना प्रत्यक्षात येते तेव्हा तिच्यामुळे पाणी किती चढले, हा प्रश्न निघतोच, आणि त्याचे उत्तर देण्यास आधीची पातळी लिहिलेली असावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या विहिरी प्रत्येक गावात नसतात. म्हणून पायथ्यालगतच्या ग्रामपंचायतींनी आपापल्या गावातील निदान तीन विहिरी निवडाव्यात, एक नदीजवळची, एक कालव्याजवळची व एक दोहोंपासून दूरची.

राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले आणि ७५ नद्यांच्या काठाने संवादयात्रा योजल्या. यात्रेत निवडलेली नसलेली नदीही गावाने स्वतः चालून पाहण्यास हरकत नाही. सापनेसारख्या नदीसाठी वर्षातून दोन फेऱ्या पुरेत. पहिली मेअखेर, पात्र कोरडे असताना, तेव्हा उपसा, कचरा, सांडपाण्याचे नाले आणि उरलेले डोह दिसतात. दुसरी ऑक्टोबरात, धार वाहती असताना, तेव्हा पाणी कोठे दिसेनासे होते ती जागा नकाशावर टिंबाने दाखवावी. ही जागा दरवर्षी वर अगर खाली सरकते आणि त्या सरकण्यावरून भूजलाच्या स्थितीचा अंदाज बांधता येतो. याच दोन वेळी विहिरींची पातळी कठड्यापासून मीटरमध्ये मोजावी, मोजण्यापूर्वी निदान काही तास पंप बंद ठेवावा आणि पंप बंद नसल्यास तसे शेजारी लिहावे. नोंदवही ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहावी व तिची एक प्रत शाळेत असावी.